सज्जनाची इच्छा

कर्नल ऑगस्टीन हॅलोवेल यांनी नव्या देशाच्या तरुणांसाठी चोवीस धडे लिहिले, आणि चोवीसच्या चोवीस धड्यांची शुद्ध प्रत आयशमने काढली. पहिला धडा स्वातंत्र्याचा होता. माणूस अन्नावाचून आठ दिवस काढील, पण स्वातंत्र्यावाचून एक दिवस काढला तरी तो माणूस राहत नाही, असं त्यात लिहिलं होतं. 'स्वातंत्र्य' या शब्दावर शाईचा बारीक थेंब सांडला म्हणून आयशमने ते पान दुसऱ्यांदा लिहिलं, आणि मनासारखं उतरलं नाही म्हणून तिसऱ्यांदा.

आयशम कर्नलसाहेबांच्या मालकीचा होता. त्याची सोळा वर्षांची मुलगी फिबी, तीही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणून आपण मोकळे होऊ. आयशमला मात्र ते धडे मनापासून पटले होते, आणि माझी खरी रड तीच आहे. ढोंग्याला ढोंग कळतं, तो त्यातून वाट काढतो. पण ज्याने दुसऱ्याचं ढोंग खरं मानून त्याबरहुकूम आयुष्य बेतलं, त्याने जावं कुठे?

नवव्या वर्षी कर्नलसाहेबांनी त्याला तंबाखूच्या शेतातून उचलून घरात आणलं आणि अक्षरओळख करून दिली. आता साहेबांचा हात कापायचा. इंग्रजांविरुद्धच्या लढाईत बंदूक धरलेला, जिल्ह्याच्या न्यायासनावर वीस वर्षं निकालांखाली सही केलेला तो हात आता चमचाभर सूप ओठांपर्यंत नेताना अर्धं गळपट्ट्यावर सांडायचा. ते वेडंवाकडं खरडायचे आणि आयशम ते सुंदर करून लिहायचा. त्याचं वळण इतकं हुबेहूब साहेबांचं होतं, की रिचमंडहून येणाऱ्या पत्रांत स्नेही विचारायचे, तुमचा हात बरा झाला वाटतं?

स्वयंपाकघरातल्या हॅना मावशीला हे कौतुक बघवत नसे. "अक्षर खाऊन पोट भरतं का रे?" मक्याची भाकरी त्याच्या पुढ्यात आदळत ती म्हणायची. "चोवीस धडे लिहिलेस. त्यांत आपलं नाव कुठे आलंय का, एवढंच सांग."

"मावशी, ते सगळ्या माणसांसाठी आहे."

"म्हणजे नाही आलं," मावशी म्हणायची आणि हॅम कापायला वळायची.

नववा धडा सौजन्याचा होता. सज्जनाने हुकूम करू नये, इच्छा दर्शवावी. सज्जनाची इच्छा हाच हुकूम असतो. कर्नलसाहेब हा धडा इतरांना शिकवायचे, पण स्वतः तापट. रागाच्या भरात मुकादमाला लिहायचे, "कुंपण उद्याच्या उद्या दुरुस्त कर." आयशम शुद्ध प्रतीत लिहायचा, "कुंपण उद्यापर्यंत दुरुस्त व्हावं अशी माझी इच्छा आहे." पहिल्यांदा असं केलं तेव्हा आता शिक्षा होणार असं त्याला वाटलं होतं. पण साहेबांनी ते वाचलं, मान वर केली आणि म्हणाले, "आयशम, तू माझ्यापेक्षा जास्त हॅलोवेल आहेस." त्या एका वाक्यावर तो बिचारा दोन वर्षं जगला. तेव्हापासून जिथे 'हुकूम' दिसेल तिथे तो 'इच्छा' करायचा, न विचारता, आणि साहेब न बोलता सही करायचे.

धडा चौदावा टापटिपीचा. शुद्ध प्रतीवर सही झाली की मसुदा त्याच क्षणी आगीत टाकावा. सज्जनाच्या घरात एका गोष्टीचे दोन कागद नसावेत. हेही काम आयशमचंच.

जानेवारीत एका दुपारी कर्नलसाहेबांनी त्याच्या हातात मृत्युपत्राचा मसुदा दिला. दोन पानं होती. जमीन आणि तिच्यावरची माणसं मुलाला, म्हणजे मिस्टर लुसियसना 'देतो' असं लिहिलं होतं. चांदीची भांडी, आईचे दागिने आणि घरकामाच्या पोरी मुलीला, मिस हॅरिएटना 'देतो'. शेवटून दुसरी ओळ अशी होती: माझा माणूस आयशम आणि त्याची मुलगी फिबी यांना माझ्या मृत्यूच्या दिवसापासून मुक्त करावं, असा मी हुकूम देतो.

आयशमने ती ओळ उभ्यानेच वाचली. मग बसून वाचली. साहेब खुर्चीत डोळे मिटून पडले होते, ते डोळे न उघडताच म्हणाले, "लेटीला वचन दिलं होतं मी." लेटी ही आयशमची बायको. साहेबांच्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसून, तोच ताप अंगावर घेऊन ती चार वर्षांपूर्वी गेली होती.

आयशम खिडकीपाशी लिहायला बसला. लेखणीचं नवीन पीस घेतलं, टोक दोनदा कापलं. आयुष्यात काढलेल्या सगळ्या प्रतींमध्ये ही प्रत देखणी व्हायला हवी होती, आणि प्रतीतल्या सगळ्या ओळींमध्ये ती एक ओळ. जमीन देतो, भांडी देतो, हे सगळं कसं शांतपणे आलं होतं. आणि नेमक्या त्याच्या फिबीच्या नावापुढे तो 'हुकूम' गालिच्यावर चिखलाचे बूट घालून आल्यासारखा उभा होता. आपली लेक स्वतंत्र होणार ती अशा खेकसण्यावर? सबंध मृत्युपत्रात तो शब्द त्या एकाच ठिकाणी होता. आयशमने तो काढला. त्याने लिहिलं: मुक्त करावं, अशी माझी इच्छा आहे. 'इच्छा' या शब्दाचं वळण त्याने असं काही घेतलं, की ते बघत तो क्षणभर नुसता बसून राहिला.

साहेबांनी प्रत वाचली. त्या ओळीपाशी त्यांचं कापरं बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. त्यांनी आयशमकडे पाहिलं, किंचित हसले, आणि शेजारच्या दोघा सद्गृहस्थांना साक्षीला बोलावून सही केली.

"मसुदा," ते म्हणाले.

आयशमने मसुदा स्वतःच्या हाताने आगीत टाकला.

मार्चमध्ये कर्नलसाहेब गेले. आयशम ढसाढसा रडला. हॅना मावशीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती. दिवसभर तो फिबीला सांगत होता, आता थोडे दिवस, कोर्टात मृत्युपत्र वाचलं की झालं. फिबीने बापाकडून चोरून लिहायला-वाचायला शिकून घेतलं होतं. कपड्यांना इस्त्री करता करता ती त्याला विचारायची, "मुक्त झाल्यावर मी मिस हॅरिएटना काय म्हणायचं?"

"मिस हॅरिएटच म्हणायचं. सौजन्य सोडायचं नाही."

"आणि त्या मला काय म्हणतील?"

याचं उत्तर कुठल्याच धड्यात नव्हतं.

एप्रिलचा कोर्टाचा दिवस आला. न्यायासनावरचे तिघेही शेजारचे जमीनदार होते, कर्नलसाहेबांच्या टेबलावर जेवलेले, आणि मिस्टर लुसियस त्यांना काका म्हणायचे. आयशम मागे भिंतीला टेकून उभा होता. कारकुनाने मृत्युपत्र वाचलं. जमिनीपाशी कुणी काही बोललं नाही. चांदीपाशीही नाही. मग ती ओळ आली.

मधले न्यायाधीश म्हणाले, "पुन्हा वाचा ते."

कारकुनाने पुन्हा वाचलं.

"इच्छा आहे म्हणतो. हुकूम नाही देत." न्यायाधीशांनी चष्मा काढला. "ऑगस्टीनसारख्या माणसाने वीस वर्षं या खुर्चीत काढली. हुकूम कसा लिहितात ते त्याला आम्ही शिकवायला नको. त्याला बांधून घालायचं असतं तर त्याने बांधलं असतं. ही इच्छा आहे, आणि ती पाळायची की नाही ते वारसांच्या सद्सद्विवेकावर सोडलंय. मृत्युपत्र कबूल. पुढचं प्रकरण."

आयशम भिंतीपासून एक पाऊल पुढे आला. त्याला ओरडायचं होतं, की साहेब, हुकूमच होता, तो मी पुसला. पण काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याच्या विरुद्ध त्या कोर्टात चालत नव्हती. आणि चालली असती तर तो म्हणणार काय होता? मालकाच्या मृत्युपत्रातले शब्द मी बदलले, असं?

तेवढ्यात पुढच्या बाकावरून एक जण उठला. ओबेड मेंडनहॉल, पलीकडच्या ओढ्यावरचा गिरणीवाला. तो क्वेकर होता. त्यांच्या पंथात गुलाम ठेवणं पाप समजतात, राजाला असो की न्यायाधीशाला, सगळ्यांना अरेतुरेच करतात आणि डोक्यावरची टोपी काढत नाहीत. आयशमला हा माणूस नेहमीच भारी असंस्कृत वाटायचा.

"मित्रा," तो न्यायाधीशांना म्हणाला, "तुझ्या शेताच्या मुकादमाला तू 'माझी इच्छा आहे' म्हणतोस तेव्हा तो पाळायची की नाही ते त्याच्या सद्सद्विवेकावर सोडतोस का?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. "टोपी काढा, मिस्टर मेंडनहॉल, मग उत्तर देतो."

"माझी टोपी काढल्याने ही दोन माणसं सुटणार असतील तर जाळून टाकीन तिला."

"बसा खाली."

बाहेर घोडे बांधायच्या खांबांपाशी त्याने आयशमला गाठलं. "ऐक, वर रिचमंडच्या कोर्टात जाता येईल. मी जाईन तुझ्या वतीने. मला फक्त एक सांग, ऑगस्टीनचा मसुदा होता ना? त्याच्या हातचा? त्यात काय लिहिलंय?"

आयशम म्हणाला, "हुकूम."

"देवा! मग आण ना तो. तेवढं पुरे आहे. कुठे आहे?"

"जाळला, मालक."

"मला मालक म्हणू नकोस. कुणी जाळला? लुसियसने?"

"मी. नियम आहे."

ओबेडने तोंडावर हात फिरवला. मग हळू आवाजात विचारलं, "आणि तो शब्द? तो बदलला कुणी?"

आयशम स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. ओबेड समजला. समजल्यावरही तो रागावला नाही, आणि ते आयशमला जास्तच लागलं.

"पण ऑगस्टीन सही करायच्या आधी वाचत नव्हता का रे? वीस वर्षं खुर्चीवर बसलेला माणूस. इच्छा आणि हुकूम यांतला फरक त्याला कळत नव्हता?"

"वाचलं होतं त्यांनी," आयशम म्हणाला. "बोट ठेवून वाचलं होतं."

"मग?"

ते कापरं बोट आयशमच्या डोळ्यांपुढे आलं. किती वेळ थांबलं होतं ते. आणि ते हसणं. तीन महिने त्याने ते हसणं मायेचं म्हणून उराशी धरलं होतं. म्हणजे साहेबांनी लेटीला दिलेलं वचनही पाळलं आणि स्वतःच्या मुलांना बांधूनही घातलं नाही. दोन्हीकडून सुटका, आणि तीही दुसऱ्याच्या हाताने. तो तापट, दमलेला म्हातारा त्या क्षणी काय समजून हसला हे आता कुणालाच विचारता येणार नव्हतं. आयशमला हे एवढं मात्र कळलं, की मायेने हसला असं यापुढे आपल्याला कधीच खात्रीने म्हणता येणार नाही. मुलीची मुक्तता तर गेलीच होती, हेही गेलं.

संध्याकाळी मिस्टर लुसियसनी त्याला बोलावलं. सुंठीवाचून खोकला गेलेला माणूस जितका मोकळा दिसावा तितके ते मोकळे दिसत होते. पण वाईट माणूस नव्हे हो. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "आयशम, बाबांची इच्छा मी हृदयात जपून ठेवीन. तुझ्याशिवाय हे घर चालायचं नाही, तू जाणतोस. दहा-बारा वर्षांनी बघू आपण."

"धाकटे मालक, माझं राहू द्या. मी आहे इथेच. फिबीला तेवढं सोडावं, अशी..." तो अडखळला. तो शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडेना. "अशी विनंती आहे."

"फिबी हॅरिएटच्या वाट्याला आली आहे. तिला विचार. माझं काय?"

मिस हॅरिएटचं लग्न दूर दक्षिणेत, जॉर्जियातल्या एका भातशेतीवाल्याशी ठरलं होतं. कोर्टाचा निकाल म्हणजे तिला पडत्या फळाची आज्ञा झाली. दुसऱ्याच दिवशी पेट्या भरायला सुरुवात. आयशम दारात उभा राहिला तेव्हा ती गळ्याशी लेस लावून आरशात बघत होती.

"बाबांची मुलगी आहे मी, आयशम," ती म्हणाली, आणि ते तिला खरंच वाटत होतं. "फिबीला मी हुकूम कधीच करणार नाही. तिने माझ्याबरोबर यावं, एवढी फक्त माझी इच्छा आहे."

तो परत आला. मागच्या अंगणात फिबी मिस हॅरिएटच्या चादरी घडी घालत होती. आयशमने दुसरं टोक धरलं. दोन चादरी झाल्यावर तो बोलला. सगळं बोलला. खिडकीपाशी बसलो, नवीन पीस कापलं, शब्द मी काढला. क्षमा मागायची त्याला हिंमत झाली नाही.

"कुठला शब्द होता, बाबा?"

"हुकूम."

"आणि तुम्हाला तो कसा वाटला?"

"उद्धट."

फिबीने चादरीची कडा कडेला नीट जुळवली. घडी अगदी सरळ आली. तीही त्याचीच लेक. "लहानपणी मी हॅना मावशीकडे भाकरी मागितली, 'दे' म्हणाले, तर तुम्ही मला परत पाठवलंत. नीट मागून ये, म्हणालात. आठवतं?"

"आठवतं."

"मी नीट मागितलं, तोवर भाकरी संपली होती." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "एकदा उद्धट व्हायचं होतंत, बाबा. एकदाच."

तिने शेवटची चादर त्याच्या हातून घेतली आणि आत गेली.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी गाडी निघाली. हॅना मावशीने फिबीच्या हातात फडक्यात बांधलेली मक्याची भाकरी दिली आणि तोंड फिरवलं. फिबीने बापाला मिठी मारली आणि ती गाडीत चढली. जॉर्जिया म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिकडून कुणी परत येत नाही, आणि काळ्या माणसाची पत्रं टपालात पडत नाहीत. लिहिता येणाऱ्या बापाने लिहिता येणारी मुलगी तिकडे पाठवली. ते लिहिणं आता कुणाला पोहोचणार होतं?

गाडीची धूळ अजून बसली नव्हती तेवढ्यात आतून मिस्टर लुसियसची हाक आली. चार जुलैला, देशाच्या वाढदिवशी, वडिलांचे चोवीस धडे छापून निघावेत असं त्यांनी ठरवलं होतं. रिचमंडचा छापखाना वाट बघत होता. जुनी प्रत हाताळून मळली होती.

"आयशम, आजपासून तू स्वच्छ प्रत काढायला घ्यावीस, अशी माझी इच्छा आहे."

आयशम खिडकीपाशी बसला. पहिला धडा दुपारपर्यंत झाला. 'स्वातंत्र्य' या शब्दावर या वेळी थेंब सांडला नाही. चौथ्या दिवशी नववा धडा आला. सज्जनाने हुकूम करू नये. त्याच्या मनात आलं, इथेही एक शब्द बदलावा. हजार घरांत हे पुस्तक जाईल, हजार घरांत निदान एकदा तरी 'हुकूम कर' असं वाचलं जाईल. त्याने पीस उचललं. हात थांबला. मग त्या हाताने, त्याला न विचारता, जे होतं तेच लिहिलं: सज्जनाची इच्छा हाच हुकूम असतो. वळण नेहमीसारखंच सुंदर उतरलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याने ते कागदावर पडू दिलं नाही, कारण पान पुन्हा लिहावं लागलं असतं.

मिस्टर लुसियसनी पूर्ण प्रत चाळली. "वा! हे बाबांचंच अक्षर आहे," ते गहिवरून म्हणाले. "जुनी पानं जाळलीस ना?"

"जाळली, मालक," आयशम म्हणाला. "नियमच आहे."